तंबाखूचे तोटे सांगितलेत, आता कर्करोगाची लक्षणेही सांगा: सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व संबंधित अधिकारी

विषय: तंबाखू सेवन करणाऱ्या व न करणाऱ्या सर्व नागरिकांना कर्करोगाच्या संभाव्य लक्षणांची माहिती देण्याबाबत, आणि लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंतची वाट सुकर करण्याबाबत

महोदय,

दरवर्षी ३१ मे रोजी आमच्या भागातील आरोग्य केंद्रात तंबाखूविरोधी दिन पाळला जातो. शपथ घेतली जाते, फलक लावले जातात, भाषणे होतात. यंदाचा कार्यक्रम मी शेवटपर्यंत बसून ऐकला. तंबाखूमुळे कोणकोणते कर्करोग होतात याची यादी वाचून दाखवण्यात आली. मात्र तो कर्करोग सुरू होताना माणसाला काय जाणवते, आरशात काय दिसते आणि तसे काही दिसले तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाकडे जायचे, याबद्दल एकही वाक्य कोणी उच्चारले नाही. श्रोत्यांमध्ये निम्म्याहून अधिक बायका होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी तंबाखूला कधी हात लावलेला नाही. हा विषय आपला नाही, अशी खात्री बाळगून त्या घरी गेल्या, आणि जे पुरुष बिडी ओढतात ते मान खाली घालून गेले. ज्या आजारात सुरुवातीचे काही महिनेच बहुतेकदा जगण्या-मरण्याचा निकाल लावतात, त्या आजाराबद्दल शासकीय व्यासपीठावरून एवढेच बोलले जावे, हे मला मान्य नाही. म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून, पण सर्वांनी वाचावे म्हणून, उघडपणे लिहीत आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझे थोरले भाऊ आणि माझी मोठी बहीण, दोघेही कर्करोगाने गेले. दादा तरुणपणापासून बिडी ओढत. आक्काने आयुष्यात सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकले नव्हते. दोघांच्याही आजाराने वेळेवर खुणा दाखवल्या होत्या. त्या ओळखायला कोणी शिकवलेले नव्हते, आणि ज्यांनी ओळखायला हव्या होत्या त्यांनीही त्या वेगळ्याच आजाराच्या खात्यात टाकल्या.

दादांचा आवाज एका हिवाळ्यात बसला तो बसलाच. घरातले, शेजारचे, ते स्वतः, सगळेच म्हणत की बिडी ओढणाऱ्याचा घसा असाच असायचा. त्यांना दवाखान्यात जा म्हटले की ते टाळत, कारण याआधी साध्या तापासाठी गेले असतानाही त्यांना "आधी बिडी सोड, मग माझ्याकडे ये" असे ऐकावे लागले होते. घास अडकू लागला, मानेत गाठ हाताला लागू लागली, तेव्हा कुठे ते गेले. स्वरयंत्राचा कर्करोग हा खरे तर लवकर सापडल्यास बऱ्या होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. आवाज तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाने आतून पाहिले पाहिजे, हा साधा नियम आहे, आणि त्या टप्प्यावर सापडलेले बहुतांश रुग्ण किरणोपचाराने किंवा मर्यादित शस्त्रक्रियेने बरे होतात, त्यांचा आवाजही पुष्कळदा टिकतो. दादांना हा नियम कोणी सांगितला नव्हता. बिडी वाईट, एवढे मात्र त्यांना पाठ होते.

आक्काची गोष्ट याच्या उलट, आणि मला अधिक अस्वस्थ करणारी आहे. तिला कोरडा खोकला सुरू झाला. आपल्याच विभागाने वर्षानुवर्षे शिकवल्याप्रमाणे दोन आठवड्यांनंतर तिने थुंकी तपासली. त्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत. एक्स-रेवर मात्र डाव्या बाजूला पांढरट डाग होता. डॉक्टरांनी तिला विचारले, घरात कोणी बिडी-सिगारेट ओढते का? ती नाही म्हणाली, आणि त्या एका "नाही"सरशी कर्करोगाची शक्यता त्या खोलीतून निघून गेली. क्षयाची औषधे सुरू झाली. खोकला थांबेना तेव्हा औषधांचा कोर्स पुरा करा असे सांगण्यात आले. एक्स-रेचा तो खाकी लिफाफा घेऊन ती या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जात असे. प्रत्येक ठिकाणी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला जाई आणि पुन्हा लिफाफ्यात जाई. पुढे छातीत पाणी झाले, ते काढून तपासले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निश्चित झाले. तोपर्यंत तो पसरलेला होता. मी कोणा डॉक्टरचे किंवा रुग्णालयाचे नाव इथे घेणार नाही. क्षय घरोघरी आढळणाऱ्या प्रदेशात छातीवरचा डाग पाहून आधी क्षय आठवणे स्वाभाविक आहे. थुंकी स्वच्छ आली, औषधांनी फरक पडेना, तर त्यानंतर काय, हे आक्काला कुठेही सांगितले गेले नाही, ही माझी तक्रार आहे.

आता तक्रारी सविस्तर मांडते.

पहिली तक्रार संदेशाच्या रोखाविषयी आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करतात. एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के आहेत, २४.४ टक्के लोक तंबाखू खातात, मळतात, दाताला लावतात. म्हणजे सिगारेटचे चित्र काढून त्यावर फुली मारलेला फलक आपल्या राज्यातील मोठ्या धोक्याकडे पाहतच नाही. शिवाय उरलेले सुमारे ७३ टक्के लोक तंबाखू सेवन करत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याकडे कर्करोगाबद्दल सांगण्यासारखे काय आहे? स्तनाचा कर्करोग आज देशात सर्वाधिक आढळतो. तो होण्यासाठी तंबाखूची वाट पाहावी लागत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यतः एचपीव्ही विषाणूच्या संसर्गाने होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या एका प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. बाहेरच्या हवेतील प्रदूषण हे कर्करोगाचे निश्चित कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ सालीच जाहीर केले आहे. आक्काला हा आजार का झाला ते डॉक्टर सांगू शकले नाहीत. पण न ओढणाऱ्याला तो होत नाही, हा गैरसमज तिच्या निदानाच्या आड आला, हे मी स्वतः पाहिले आहे.

यातही एक पोटभेद आहे. आमच्याकडच्या कित्येक बायका सकाळी मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड हिरड्यांना लावून त्या बराच वेळ तोंडात ठेवतात. "तंबाखू खाता का?" असे विचारले तर त्या मनापासून "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मशेरी हे दात घासणे आहे. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचा दिवस तंबाखूच्या टोपलीसमोर जातो, तीही "नाही" म्हणते. निव्वळ सुपारी चघळणाऱ्याला तर विचारलेच जात नाही, वास्तविक सुपारी स्वतंत्रपणे कर्करोगकारक असल्याचे २००४ साली जाहीर झालेले आहे, आणि तोंड हळूहळू उघडेनासे होणे हा तिचाच परिणाम आहे. व्यसनाचा प्रश्न विचारून माणसांचे दोन गट पाडायचे आणि एका गटाला सोडून द्यायचे, ही पद्धत म्हणूनच धोक्याची आहे.

दुसरी तक्रार पुड्यांवरच्या चित्रांविषयी. हा विषय केंद्र शासनाचा आहे याची मला कल्पना आहे, पण ती चित्रे आपल्या राज्यातल्या टपऱ्यांवरही लटकतात आणि तीच आपल्या फलकांवर छापली जातात. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो. त्यावरचा गाल फाटलेला असतो, जबडा सडलेला असतो. ते पाहून एखादा तंबाखू सोडत असेल तर आनंदच आहे. मात्र तोंडाचा कर्करोग तसा सुरू होत नाही. तो सुरू होतो न दुखणाऱ्या पांढऱ्या किंवा लाल चट्ट्यापासून, जिथे तंबाखूची गोळी धरली जाते तिथल्या गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला, जिभेखाली. तिखट लागल्यावर झोंबते, दोन आठवड्यांनंतरही न भरणारे तोंड आलेले असते, एखादा दात उगाचच हलू लागतो, तीन बोटे उभी शिरत होती त्या तोंडात दोनच शिरू लागतात. हे ज्याला झाले आहे तो माणूस पाकिटावरचे चित्र पाहतो, आपल्या गालाशी ताडून बघतो आणि "आपल्याला तसले काही नाही" म्हणून निश्चिंत होतो. शेवटच्या टप्प्याचे चित्र पहिल्या टप्प्यातल्या माणसाला खोटा धीर देते. त्याला जे चित्र दाखवायला हवे, ते मी आजवर एकाही उपकेंद्राच्या भिंतीवर पाहिलेले नाही. आर. आर. पाटील यांच्यासारखा लोकप्रिय नेता २०१५ साली तोंडाच्या कर्करोगाने गेला, तेव्हा राज्य हळहळले आणि तंबाखूविषयी पुष्कळ बोलले गेले; तोंड कसे तपासावे हे घराघरांत शिकवण्याची ती वेळ होती, ती गेली.

तिसरी तक्रार सीबॅक, म्हणजे घरोघरी जाऊन आजारांचा धोका तपासण्याच्या फॉर्मविषयी आहे, आणि तिच्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे, कारण इथे नवे काही निर्माण करायचे नाही. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा कार्यकर्तीने भरायचा हा फॉर्म उत्तम आहे. त्यात तंबाखूचा प्रश्न आहेच, पण पुढे तब्येतीच्या तक्रारींची यादीही आहे: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीतून रक्त, तोंड उघडायला त्रास, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम किंवा चट्टा, आवाजातला बदल, स्तनातली गाठ, स्तनाग्रातून रक्त, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मधला रक्तस्राव, संबंधानंतरचा रक्तस्राव. स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, हेही विचारलेले आहे. म्हणजे तज्ज्ञांनी काम केलेले आहे. प्रत्यक्षात काय होते ते आमच्या अंगणात मी पाहिले. आशाताई ओट्यावर बसल्या, शेजारच्या सूनबाईंना वय विचारले, तंबाखू-दारू विचारली, कमरेला टेप लावली. आणि तंबाखूला "नाही" आल्यावर पुढच्या सगळ्या रकान्यांत एकापाठोपाठ एक "नाही" भरत गेल्या. संबंधानंतर रक्त जाते का, हा प्रश्न सासऱ्यांसमोर अंगणात विचारायचा कसा? गावातल्या त्या आशाताईंना मी दोष देत नाही. तुटपुंज्या मानधनावर त्यांच्याकडे लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत इतकी कामे दिलेली आहेत की घरामागे पाच मिनिटेही त्यांना मिळत नाहीत, आणि एखादीने "हो" लिहिलेच तर त्या बाईला पुढे कुठे न्यायचे याची खात्री त्यांना स्वतःलाच नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या केवळ १.९ टक्के, आणि स्तनाची व तोंडाची तपासणी झालेल्या प्रत्येकी ०.९ टक्के आढळल्या. फॉर्म भरले जातात आणि तपासणी होत नाही, याचा अर्थ तो कागद नुसता वरच्या कार्यालयात पाठवण्यापुरता उरला आहे.

चौथी तक्रार वागणुकीची. बिडी ओढणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाला आपल्या दवाखान्यांत आधी दोषी धरले जाते. व्यसन सोडायला सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे, त्यात मला शंका नाही. पण ते तोंड तपासल्यानंतर, छाती तपासल्यानंतर सांगायचे असते. तपासणीच्या आधी झाडाझडती घेतली की तो माणूस पुढच्या वेळी येत नाही, दुखणे अंगावर काढतो आणि आपल्या खोकल्याला, बसलेल्या आवाजाला बिडीचे देणे समजून गप्प राहतो. ज्यांना धोका सर्वाधिक त्यांनीच सर्वांत उशिरा यावे, अशी ही व्यवस्था आपण करून ठेवली आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये मूत्राशयाचा कर्करोगही अधिक आढळतो आणि लघवीतून न दुखता जाणारे रक्त ही पुष्कळदा त्याची पहिली खूण असते, हे तर आमच्या पंचक्रोशीत एकालाही ठाऊक नसेल. उन्हाळी लागली म्हणून धण्याचे पाणी पिऊन वाट पाहिली जाते. शौचातून रक्त गेले की ती मूळव्याधच ठरते.

पाचवी तक्रार थोडक्यात: तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, ग्रामीण रुग्णालयात सहसा होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जा, मग अहवालासाठी पुन्हा जा, यात रोजंदारी बुडते. निदान हातात आल्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मोठा आधार मिळतो, त्याबद्दल शासनाचे आभारच मानले पाहिजेत. परंतु निदान होईपर्यंतचे स्कॅन, तपासण्या, एसटीची भाडी हा सगळा खर्च आमच्या दोन्ही घरांनी स्वतःच्या खिशातून केला, आणि पैसे जुळेपर्यंत तपासणी पुढे गेली.

आपण म्हणाल, लक्षणे शिकवून असे काय साधणार आहे? याचे उत्तर बाहेरच्या देशांत शोधण्याचे कारण नाही, ते आपल्याच जिल्ह्यांत आहे. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तिचे तालुके. कार्यालयात बसून नोंदी मिळणार नाहीत हे ओळखून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि ज्यांना ती होती त्यांना तपासणीसाठी उद्युक्त केले. काही वर्षांत त्या भागात गर्भाशयमुखाचे कर्करोग आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्याचे शास्त्रीय नियतकालिकांत नोंदवले गेले. त्यासाठी फार मोठी यंत्रे लागली नाहीत. लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारी माणसे लागली.

त्यानंतर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होऊ शकतात, हे २००९ साली त्यातून जगासमोर आले. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये झालेल्या अभ्यासात वस्तीतल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून तपासण्या करून घेतल्या. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राच्या मातीत, महाराष्ट्राच्या बायकांच्या सहभागातून सिद्ध झालेली ही ज्ञानसंपदा आहे. धाराशिवच्या शेजारच्या तालुक्यातली बाई आजही अंगावरून लाल जात असताना ते वयाचे समजून सोसत असेल, तर त्या बायकांनी अभ्यासाला दिलेल्या वेळेचा मान आपण राखलेला नाही.

लक्षणे कळली की प्रत्येक जण वाचेल, असा माझा दावा नाही. फुप्फुसाचा कर्करोग पुष्कळदा फार उशिरा जाणवतो. शिवाय बहुतेक खोकले, बहुतेक तोंड येणे आणि स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही लोकांना त्याच दमात सांगितले पाहिजे, अन्यथा भीतीपोटी तपासणीच टाळली जाईल. "काही नसताना कशाला खाजवून खरूज काढायची" हे वाक्य मी बचत गटाच्या बैठकीत कितीदा तरी ऐकते. त्यामागे अडाणीपणा नाही, भीती आहे. कॅन्सर म्हणजे मरणच, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. वेळेवर आलेला, बरा होऊन पुन्हा शेतात राबणारा माणूस व्यासपीठावर बोलला, तर ती समजूत हलेल.

आपला विभाग हे करू शकतो, याचा पुरावा आपणच दिला आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, हे वाक्य आज शाळा न पाहिलेल्या म्हातारीलाही माहीत आहे. एक लक्षण, एक मुदत, एक जागा, आणि व्यसनाची कसलीही अट नाही. भिंती, बाजार, शाळा, आकाशवाणी, ग्रामसभा यांतून ते वर्षानुवर्षे सांगितले गेले म्हणून रुजले. कर्करोगाच्या बाबतीत असे एकही वाक्य आपण रुजवलेले नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

क्षयाच्या त्या वाक्याला पुढचा भाग जोडावा. थुंकी स्वच्छ आली आणि खोकला राहिला, किंवा क्षयाचे औषध सुरू करूनही ठरावीक मुदतीत फरक पडला नाही, तर त्या रुग्णाला छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवणे व आवश्यक तर सीटी स्कॅन करणे बंधनकारक करणारे परिपत्रक काढावे. रुग्ण बिडी ओढतो की नाही यावर हा निर्णय अवलंबून नसावा. थुंकी स्वच्छ आल्याच्या अहवालावरच "खोकला थांबला नाही तर पुन्हा या" असे मोठ्या मराठी अक्षरांत छापावे.

कर्करोगाच्या लक्षणांची एक छोटी यादी, प्रत्येक लक्षणापुढे मुदत आणि जायचे ठिकाण लिहून, प्रत्येक उपकेंद्र, रेशन दुकान, एसटी स्थानक, ग्रामपंचायत आणि बाजार समितीत लावावी. तिच्या माथ्यावर स्पष्ट लिहावे की ही यादी तंबाखू खाणाऱ्यांसाठी आणि न खाणाऱ्यांसाठी, दोघांसाठीही आहे. तिच्यात तोंडातल्या सुरुवातीच्या पांढऱ्या व लाल चट्ट्यांची खरी छायाचित्रे असावीत. आषाढी वारीच्या वाटेवर आपली आरोग्य पथके असतातच. पाय चोळून देण्याबरोबर तिथे आरसा आणि टॉर्च ठेवून वारकऱ्यांना स्वतःचे तोंड कसे पाहायचे ते दाखवावे. लाखो घरांपर्यंत पोहोचण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

सीबॅक फॉर्ममधील लक्षणांचे प्रश्न प्रत्येकाला, व्यसनाच्या उत्तराकडे न पाहता, विचारले जातील याची व्यवस्था करावी. स्त्रियांचे प्रश्न आडोशाला, बाईनेच विचारावेत. मशेरी, विडी वळणे आणि सुपारी यांची विचारणा त्या-त्या नावाने करावी. या कामासाठी आशाताईंना स्वतंत्र वेळ, प्रशिक्षण आणि स्वतंत्र मोबदला द्यावा. "हो" उत्तर आलेल्या प्रत्येक व्यक्तीचा पाठपुरावा तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणी करायचा, त्या कर्मचाऱ्याचे पद ठरवून द्यावे.

ग्रामीण रुग्णालयांत दंतवैद्यकाकडून संशयित चट्ट्याचा नमुना घेण्याची सोय करावी, नमुना तिथूनच प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि अहवाल दोन आठवड्यांत रुग्णाच्या हाती पडावा. संशयित कर्करोगाच्या निदानापर्यंतच्या तपासण्यांचा खर्च शासनाने उचलावा.

वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांच्या प्रशिक्षणात एक गोष्ट आवर्जून घालावी: आधी तपासणी, नंतर व्यसनाचा विषय, आणि तोही दरडावून न काढता, तंबाखू सोडायला मदत कुठे मिळते ते सांगून. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मदत क्रमांक डॉक्टरांनी स्वतः कागदावर लिहून द्यावा.

शेवटची मागणी हिशेबाची आहे. प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी किती कर्करोग कोणत्या टप्प्यावर सापडले, लक्षण जाणवल्यापासून निदानापर्यंत रुग्णाचा किती काळ गेला, आणि त्यांत तंबाखू सेवन करणारे व न करणारे किती होते, याची आकडेवारी विभागाने जाहीर करावी. शपथ किती जणांनी घेतली हा आकडा आम्हाला नको.

या पत्राला वैयक्तिक पोच मिळावी अशी माझी अपेक्षा नाही. पुढच्या ३१ मेच्या आत निदान पहिले परिपत्रक आणि लक्षणांची यादी आमच्या उपकेंद्रापर्यंत पोहोचावी, एवढे मी मागते. यादी वाचून दाखवायला, मशेरी लावणाऱ्या बायकांना बोलते करायला, आडोशाचे प्रश्न विचारायला आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिका आणि बचत गटाच्या बायका तयार आहेत. आम्हाला मोबदला नको. आम्ही पाठवलेल्या माणसाला रुग्णालयात तपासले जाईल, एवढी हमी हवी.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सोलापूर जिल्हा